मधी कोण उभं हाय?

१

घरातलं नेट गेलं की शहाणा माणूस काय करतो? डबा बंद करतो, चालू करतो, परत बंद करतो, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर डब्याला दोन शिव्या हासडतो. शेळगावच्या शिवारात, गावापासून लांब वस्तीवर राहणारी वृषाली बरेच दिवस हेच करत होती. शिव्या तेवढ्या मनातल्या मनात, कारण सासू शेजारीच लसूण सोलत बसलेली असायची.

वृषाली बारामतीची. माहेरून भांड्याकुंड्यांबरोबर कॉम्प्युटर घेऊन आलेली ती वस्तीवरची पहिलीच सून. पुण्याच्या एका ऑफिसचं विम्याच्या कागदांचं काम ती घरी बसून करायची. घर साधंच, स्लॅबचं. पुढं पडवी, मग पुढचं दार, मग माजघर, त्याच्या मागं स्वयंपाकघर आणि मागचं दार. नेटची तार पडवीपर्यंतच आलेली, म्हणून डबा पडवीतल्या कमरेएवढ्या फळीवर. कॉम्प्युटर माजघरात, दाराच्या सरळ रेषेत.

खरं तर नेट गेलं काय नि राहिलं काय, तिनं त्या दिवसांत देवापुढं साखर ठेवून गप्प बसायला हवं होतं. नवरा मरणाच्या दारातून माघारी आला होता. गोकुळला विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत शॉक बसला. त्याची आई फुलाबाई भाकरी घेऊन गेली, तेव्हा तो पेटीखाली पडलेला, तोंड मातीत. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळ्यांनी आशा सोडली होती. आणि काय नवल, दुसऱ्या दिवशी गडी उठून बसला नि चहा मागितला! डॉक्टर त्याचे हात उलटे-सुलटे करून बघत राहिले. "एवढा शॉक बसला आणि साधा चट्टा नाही," म्हणाले. वृषाली तिथंच ढसाढसा रडली. हा माणूस घरी यावा, एवढंच तिला हवं होतं.

घरी आला तो मागच्या दारानं. डाळिंबाची तोड झालेली, पडवी क्रेटनं खचाखच भरलेली, पुढून पाय ठेवायला जागा नव्हती. नेट बिघडलं ते त्याच आठवड्यात.

२

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? कॉम्प्युटरच्या मागं खोचलेलं वायफायचं बोटाएवढं यंत्र काढून पुढं खोचलं. मग लांब वायरीला जोडून टेबलावर उंच ठेवलं. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. चॅनेल बदलला. पासवर्डही बदलला, न जाणो कुणी फुकट्या वापरत असेल म्हणून. हाकेच्या अंतरात दुसरं घर नव्हतं, पण आशा वेडी असते. कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणायची, "मॅडम, एकदा रीस्टार्ट करून बघा." वृषालीला वाटायचं, हिलाच एकदा रीस्टार्ट करावं.

पडवीत डब्याजवळ उभं राहून मोबाईलवर बघितलं, तर नेट ठणठणीत. माजघरात कॉम्प्युटरपर्यंत पोचेपर्यंत त्याचा जीव जायचा. म्हणजे डब्यात खोट नव्हती, कॉम्प्युटरातही नव्हती. खोट मधल्या चार पावलांत होती.

बरं, जायचं तेही दिवसभर नाही. सकाळी झकास चालायचं. दुपारी जेवणाच्या वेळेला जायचं, जरा वेळानं यायचं. पुन्हा दिवेलागणीला जायचं. रानातला माणूस ज्या वेळांना घरी येतो, त्याच वेळा नेमक्या.

"तुम्ही ताटावर बसलात, की आपलं नेटपण जेवायला जातंय बघा," ती एकदा गोकुळला हसत म्हणाली.

तो हसला नाही. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "फुडचं दार लावून घेत जा. कशाला उघडं टाकतीस?"

दवाखान्यातून आल्यापासून तो असाच मवाळ झाला होता. आधीचा गोकुळ म्हणजे फटकळ. कालवणात मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायचा, आणि घटकाभरानं स्वतःच येऊन, "रागावलीस व्हय गं?" म्हणून मागं मागं करायचा. आता जे वाढेल ते निमूट खायचा. मागच्या दारानं जायचा, मागच्या दारानं यायचा. मरण बघून आलेला माणूस शांत होणारच, असं वृषाली मनाला सांगायची. त्या शांतपणाचं तिला बरं वाटायचं, आणि का कोण जाणे, थोडी भीतीही वाटायची.

३

शेवटी इंदापूरहून नेटवाला अविराज आला. तरणा, बडबड्या पोरगा. आल्या आल्या त्यानं भिंतीवर थापा मारून बघितल्या.

"वहिनी, भिती हैत ह्या का किल्ला? शिमिट नि सळ्या. ह्यातनं सिग्नल जातोय कशाचा! तुमचं समदं नेट ह्या दारातनं आत येतंय. दार मोकळं तर नेट मोकळं."

त्यानं कॉम्प्युटरवर एक काळी चौकट उघडून दिली. तिच्यात ओळीखाली ओळ पडायला लागली, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा.

"ह्यो आकडा बघायचा. ल्हान हाय तवर नेट झ्याक. वाढला, की समजायचं, मधी कोण तरी उभं हाय. माणूस म्हंजे काय वो, पाण्याची पखाल. पाण्यातनं सिग्नल जात न्हाय. बघा, दावतो."

तो जाऊन दारात उभा राहिला. आकडा टुणकन वर गेला. बाजूला झाला, आकडा खाली. फुलाबाईला मौज वाटली. गोकुळला जेवायला वाढून ती हात पुसत बाहेर आली होती. तीही जाऊन दारात उभी राहिली. आकडा वर.

"अगं बया! मी एवढीशी म्हातारी, मीपण आडवती व्हय?"

सगळे हसले. मग तिघं टेबलाजवळ आले. फुलाबाईनं चहा ओतला, अविराजनं बशी तोंडाला लावली. बाहेर लख्ख ऊन. पडवीतले क्रेट कधीच बाजारात गेलेले, दारात काही नाही.

आकडा वर गेला.

"मधी कोण उभं हाय?" अविराज सवयीनं म्हणाला, मान न वळवता. मग त्याच्या लक्षात आलं, की आपण तिघंही इथंच आहोत. तिघांनी एकदम दाराकडं बघितलं. उंबरा मोकळा होता, त्यावर ऊन पडलं होतं. आकडा खाली येईना. माणूस उभा राहिल्यावर जेवढा जायचा तेवढाच जाऊन तिथंच थांबला होता.

"घावला का रं बिघाड?" स्वयंपाकघरातून गोकुळनं विचारलं. तो अजून जेवत होता.

चहा तसाच टाकून अविराजनं पिशवी उचलली. "वायरच वढू, वहिनी. वायरीला मधी कुणी आलं तरी फरक न्हाय. येतो घिऊन," म्हणाला, आणि पुढच्या दारानं आलेला पोरगा मागच्या दारानं गेला. त्यानंतर त्यानं फोन उचलला नाही.

४

उन्हानं पडवीचा पत्रा तापला असेल. कुणाची मोटर चालू झाली असेल. यंत्रच खराब असेल. वृषालीनं स्वतःला सगळी कारणं देऊन बघितली. शिकलेली बाई ती, दारात उभं राहिलेलं ऊन बघून घाबरायला काय अडाणी आहे? पण आता काळी चौकट ती बंद करत नव्हती. काम बाजूला राहायचं, नि नजर त्या आकड्यांवर.

गोकुळच्या सांगण्याप्रमाणं तिनं पुढचं दार लावून घेतलं. लाकूडच ते, आकडा किंचित वाढला पण नेट चाललं. दुपार झाली. गोकुळ मागून येऊन जेवायला बसला. फुलाबाई त्याला वाढत होती.

आणि पुढच्या पायरीवर चप्पल आपटल्याचा आवाज आला.

काळ्या रानातनं येणारा माणूस चपलेचा चिखल झाडायला पायरीच्या कडेवर चप्पल आपटतो. आधी एक, मग दुसरी. हा आवाज तिनं लग्न झाल्यापासून रोज ऐकला होता. पण गेले कित्येक दिवस मोटर बंद होती, रानाला पाणी नव्हतं, भेगा पडल्या होत्या. चिखल आणायचा कुठून?

आकडा वर गेला. कडी वाजली नाही. हाक आली नाही. कुणीतरी बंद दाराला अगदी लागून उभं होतं, आणि नुसतं उभं होतं. मागं वळून दाराकडं बघायचीही वृषालीची छाती होईना. स्वयंपाकघरात ताट-वाटीचा आवाज चालू होता. मग बऱ्याच वेळानं आकडा उतरला.

तिनं देवाचं नाव घेऊन दार उघडलं. पायरीच्या कडेला काळ्या चिखलाचं ढेकूळ पडलं होतं. ओलं होतं. सासूच्या नजरेला पडायच्या आत तिनं ते खराट्यानं लोटून दिलं, आणि दार पुन्हा लावून घेतलं.

५

बघायचंच, असं तिनं ठरवलं. नुसत्या आकड्याची भीती वाढतच जाते, एकदा डोळ्यांनी बघितलं तर काहीतरी सोक्षमोक्ष लागेल. टेबलाच्या शेजारी लोखंडी कपाट होतं, त्याच्या आरशात पुढचं दार अर्धं दिसायचं. दुसऱ्या दिवशी तिनं दार सताड उघडं ठेवलं आणि आरशाकडं तोंड करून बसली.

गोकुळ स्वयंपाकघरात जेवत होता. "अजून एक भाकरी दे गं आई," म्हणाला. त्याच वेळी पायरीवर चप्पल आपटली. एक. मग दुसरी. डोळ्याच्या कडेनं तिला आकडा चढलेला दिसला.

आरशात दाराची चौकट होती, तिच्या पलीकडं ऊन. त्या चौकटीवर बाहेरून चार बोटं आली. चप्पल काढताना तोल सावरायला माणूस चौकट धरतो, तशी. बोटं टोकापासून मुळापर्यंत काळी पडलेली. कातडं तडकलेलं, आत लाल. ती बोटं चौकटीला घट्ट धरून होती, आणि थरथरत होती.

एवढंच. बाकीचा माणूस चौकटीच्या आड होता, आणि वृषालीनं डोळे गच्च मिटून घेतले.

"दार लावलं न्हाईस व्हय?" स्वयंपाकघरातून गोकुळ म्हणाला. अगदी सावकाश, न रागावता.

६

फुलाबाईला सांगितल्यावर म्हातारीनं सोलायचं थांबवलं. लसणाची पाकळी तिच्या हातात तशीच.

"चुकलंच गं," ती म्हणाली. "मागल्या दारानं आणला आपण त्याला. दवाखान्यातनं आलेलं माणूस भाकरतुकडा ववाळल्याबिगर कुणी आत घेतं का? पर त्या क्रेटाच्या नादात मी इसारले. त्या विहिरीवरचं काय तरी त्याच्या मागं मागं आलंय. माझ्या लेकाला न्ह्यायला आलंय."

वृषालीला तर हेच ऐकायचं होतं. जे दारात उभं होतं ते गोकुळला न्यायला आलं होतं, आणि ती त्याला नेऊ देणार नव्हती. बारामतीच्या दवाखान्यात ज्याच्यासाठी तिनं पदर पसरला, तो माणूस ती पुन्हा कुणाला देईल? भीती होती, पण भीतीपेक्षा राग जास्त होता.

दुपारी गोकुळला माजघरात पाटावर बसवलं, दाराकडं तोंड करून. तो मुकाट बसला. फुलाबाईनं भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेतला. पायरीवर चप्पल वाजली, तशी म्हातारी दचकली, पण हात थांबवला नाही. लेकावरून तीनदा तुकडा ओवाळला. ओवाळता ओवाळता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"आत्या, काय झालं?"

"काय की गं. उगंच भरून आलं. तू ने बाहीर. माझ्यानं हुईना."

वृषालीनं तुकडा आणि तांब्या घेतला. गोकुळ तिच्याकडं बघत होता. सासूनं शिकवलेले शब्द मनात घोकत ती उंबऱ्यापाशी गेली. दारात ऊन होतं, दुसरं काही दिसत नव्हतं. पण अंगाला गारवा लागला, आणि ओल्या मातीचा वास आला. तिनं डोळे मिटले, तुकडा बाहेर लांब भिरकावला, उंबऱ्यावर पाणी ओतलं.

"माघारी जा!" ती ओरडली. "ह्या घरात तुझं कुणी नाही! पुन्हा दारात येऊ नकोस!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग पायरीवरून पावलं उतरली. चपला न घालता, अनवाणी. एक पाऊल, मग थांबणं. पुन्हा एक पाऊल. मागं वळून बघत जाणारा माणूस जसा रेंगाळत जातो, तशी ती पावलं रानाच्या दिशेनं लांब लांब गेली. वृषालीनं तिकडं बघितलं नाही. बघायचं नसतं.

पाटावर बसलेला गोकुळ हसत होता. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

७

नेट सुधारलं! जेवणाची वेळ आली नि गेली, दिवेलागण आली नि गेली, आकडा जागचा हलला नाही. पायरीवर आवाज नाही, चिखल नाही. वृषालीला इतकं हलकं वाटलं, की तिनं साठलेलं सगळं काम उपसलं, सासूच्या गळ्यात पडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुरण घातलं. आपला माणूस आपल्याला राहिला. माहेरी फोन करून आईला म्हणाली, "आता सगळं ठीक आहे गं." काळी चौकट आता बंद करायलाही हरकत नव्हती. सवयीनं ती तशीच उघडी राहिली होती, एवढंच.

पुरणपोळीचा वास घरभर सुटला होता. ती हात पुसून कॉम्प्युटरपाशी बसली, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"झालं का काम?"

गोकुळ होता. पुढच्या दारात, उंबऱ्यावर उभा.

"अगं बाई! आज पुढच्या दारानं?"

"व्हय. आता वाट मोकळी झाली." त्यानं चौकटीला पाठ टेकली. ऊन त्याच्या मागं होतं, सावली माजघरात टेबलापर्यंत आली होती. "मिरचीला पाणी सोडावं म्हणतो उद्या. मोटर नीट करून घितो."

ती कौतुकानं बघत राहिली. किती दिवसांनी तो रानाबद्दल बोलत होता. मग तिची नजर सहज पडद्यावर गेली.

आकडा लहान होता.

चौकट अडकली असेल, असं तिला वाटलं. पण ओळी पडत होत्या, एकामागून एक, आणि प्रत्येकीच्या शेवटी तोच लहान आकडा. दारात कुणीच नसल्यावर असायचा, तो.

"अहो, जरा तिथंच थांबा," ती म्हणाली. "आत्या, ओ आत्या, जरा इकडं या. दारात उभ्या राहा. का म्हणून विचारू नका."

फुलाबाई पिठाच्या हातानं आली, कुरकुरत लेकाशेजारी दारात उभी राहिली. आकडा टुणकन वर गेला. "बास?" म्हणून ती बाजूला झाली. आकडा खाली आला. गोकुळ तिथंच होता. दार भरून उभा होता, आणि डब्यातून निघालेलं सगळं त्याच्यातून आरपार सरळ आत येत होतं.

मग दारात रोज येऊन कोण उभं राहत होतं? जेवणाच्या वेळेला, दिवेलागणीला, चपला झाडून, आत घेतील म्हणून वाट बघत कोण उभं होतं? आणि तिनं कुणाला हाकललं?

"अशी काय बघतीस?" गोकुळ म्हणाला. मवाळ आवाजात.

ती उठली. पुढच्या दारानं जाण्याची तिची हिंमत नव्हती. स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं, अनवाणी पळत ती घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आली. समोर भेगाळलेलं काळं रान पसरलं होतं, पार विहिरीपर्यंत. त्यात कुणी नव्हतं.

"अहो!" तिनं रानाकडं तोंड करून हाक मारली. "अहो, चुकलं माझं! माघारी या! या ना घरात!"

रानातून ओ आली नाही. तिनं पुन्हा हाक मारली, घसा फाटेपर्यंत मारली. गुडघ्यावर बसून मारली.

मागं पडवीच्या पायरीवर कुणीतरी येऊन उभं राहिलं. पावलांचा आवाज झाला नव्हता.

"कुणाला हाका मारतीस गं?" गोकुळ म्हणाला. "मी हितंच हाय की. ये, आत ये. नेट आता चांगलं चाललंय न्हवं?"